खोड आधी सांगा

गाडी अजून दारात उभी आहे. परवा माझा दादा माहेरून, मंचरहून आला आणि चप्पल काढता काढता तिच्याकडे बघून म्हणाला, "शालन, उभ्या गाडीची किंमत चालत्या गाडीपेक्षा लवकर उतरती. काढायची असली तर आत्ताच काढ." हे वाक्य त्याचं नाही, तुमचं आहे. तुमच्याकडूनच त्याने ते कधीतरी ऐकलं असणार, आणि आता मला ऐकवत होता. मी आत जाऊन चहा ठेवला. तुम्ही गेल्यापासून हे असंच चाललं आहे. घरी येणारा प्रत्येक जण तुमचं एखादं वाक्य घेऊन येतो आणि जाताना ते इथेच ठेवून जातो. मग दार लावून घेतलं की घरात ती वाक्यं आणि मी.

सकाळी शाळेत जायच्या आधी मी गाडीवरची धूळ पुसते. चालवता मला येत नाही. शाळेमागच्या मैदानावर तुम्ही मला शिकवायला घेतलं होतं. मी क्लच सोडताना डोळे मिटते हे बघून तुम्ही हसत हसत खाली उतरलात, आणि तो विषय तिथेच संपला. आता बॅटरी उतरेल. टायर एका बाजूने चपटे होतील. उंदीर वायरी कुरतडतील. तुम्ही म्हणायचात, गाडीला नुसतं छप्पर पुरत नाही, रोज हात लावणारं कुणीतरी लागतं. तेव्हा मला ते धंद्याचं बोलणं वाटायचं.

मला तुमच्याशी एका शब्दाविषयी बोलायचं आहे. आपल्या लग्नाआधी, मंचरला आमच्या बाहेरच्या खोलीत तुम्ही तो उच्चारलात, आणि मी तो स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकला. तो शब्द माझ्यासाठी होता का, तुमच्या लेखी मी तशीच होते का, हे मी कधीच विचारलं नाही. एका घरात इतकी वर्षं काढली, एका ताटात जेवलो, तरी विचारलं नाही. परवा दादाने त्याचं उत्तर दिलं. आता विचारायचं काही उरलं नाही. सांगायचं मात्र बरंच उरलं आहे, आणि ऐकायला तुम्ही नाही.

तो शब्द होता 'खोड'.

झाडाचं खोड मी मुलांना शिकवते. मुलांच्या खोड्या मी रोज सोसते. जनावराची खोड मात्र मला तुमच्यामुळे कळली. तुमचे आजोबा बैलांचे जाणकार. बाजारात कुणाला बैल घ्यायचा असला की पिंपळवंडीची माणसं त्यांना सोबत न्यायची. रुमालाखाली बोटं जुळवून भाव ठरायच्या आधी विकणाऱ्याने बैलाची खोड सांगायची, असा त्यांचा दंडक होता. मारका असेल तर मारका, जू मानेवर पडलं की खाली बसणारा असेल तर तसं. तुम्ही हा शब्द बैलबाजारातून उचललात आणि जसाच्या तसा जुन्या गाड्यांच्या धंद्यात आणलात. नारायणगावच्या पुढे, हमरस्त्याच्या कडेला, तुमच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये गिऱ्हाईक आलं की तुम्ही गाडीच्या बॉनेटवर तळवा ठेवायचात आणि म्हणायचात, "पावणं, आधी हिची खोड ऐका. मग चावी." आळेफाट्याचे एजंट तुम्हाला हसायचे. गाडी विकायची सोडून तिची बदनामी करतो म्हणायचे. तुमच्याकडून गेलेली गाडी भांडायला परत आली नाही, हे मात्र तेही कबूल करायचे.

दादाने तुमच्याकडूनच जीप घेतली होती. तुम्ही तिच्या गिअरची खोड सांगितलीत, मागच्या दाराची सांगितलीत, एकदा ती ओढ्यात उलटली होती तेही सांगितलंत. दादा घरी येऊन दोन दिवस तेच बोलत होता. असा माणूस बघितला नाही, म्हणाला. मग कुठून तरी त्याला कळलं की तुमचं लग्न अजून व्हायचं आहे, आणि त्याच्या डोक्यात माझा विचार आला.

माझं पहिलं लग्न जुन्नरकडे झालं होतं. वर्ष पुरं व्हायच्या आत कावीळ होऊन ते गेले. त्या घरातल्यांनी मला लवकरच परत पाठवलं, आणि पाठवताना जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुम्हीही मला ते कधी विचारलं नाहीत. मंचरला येऊन मी शिक्षण पुरं केलं, नारायणगावच्या शाळेत मराठी शिकवायला लागले, रोज एस.टी.ने जाऊ-येऊ लागले. दादाने मला कधी ओझं म्हटलं नाही. पण कुणी स्थळ सुचवलं की घरात जी कुजबुज सुरू व्हायची, तिची मला सवय झाली होती. माझ्याविषयी नेहमी दुसऱ्या खोलीत बोललं जायचं.

त्या दिवशी तुम्ही आणि तुमच्या आई आलात. मी आत पोह्यांच्या बशा भरत होते. बोलणं पावसापाण्याचं, टोमॅटोच्या भावाचं चाललं होतं. मग तुमच्या आई वहिनीबरोबर मागच्या अंगणात गेल्या आणि बाहेरच्या खोलीतला आवाज खाली आला. बराच वेळ मला काही ऐकू आलं नाही. मी दाराशी आले, तेव्हा तुमचा आवाज आला.

"दादा, खोड आधी सांगा. आधी कळलेली खोड माणूस सांभाळून घेतो. मागनं कळली का माणूस मनातनं उतरतो."

दादा हळू आवाजात "सांगतो" म्हणाला. 

मी व्याकरण शिकवते. कर्ता नाही, कर्म नाही, तर वाक्याचा अर्थ कसा लावायचा, हे मुलांना फळ्यावर लिहून दाखवते. त्या वाक्यात 'कुणाची' नव्हतं आणि 'कुणाला' नव्हतं. ते दोन शब्द मी ऐकायच्या आधीच येऊन गेले असतील, किंवा तुम्ही ते उच्चारलेच नसतील. मी ते माझे मी भरले. हिची खोड मला आधी सांगा, असं तुम्ही म्हणताय, असं मी समजले. नवरा गेलेली बाई आहे, आणखी काही असेल तर आत्ताच सांगा. गाडीसारखं.

मग मी हो का म्हणाले, ते आज सांगते. पहिल्या घराने सगळं माझ्या पाठीमागे केलं होतं. तुम्ही निदान समोर बसून विचारत होतात. आवाजात हेटाळणी नव्हती. मी बशा घेऊन बाहेर आले तेव्हा तुम्ही उठून उभे राहिलात आणि माझ्या हातातला ट्रे घेतलात. बघायला आलेल्या कुणी असं केलेलं मला माहीत नव्हतं. दोन दिवसांनी दादाने विचारलं, आणि मी मान हलवली. पण तो शब्द सासरी येताना सोबत आला.

लग्नानंतर पिंपळवंडी सोडून आपण वारूळवाडीला राहायला आलो. या घरात माझं नाव कुणी फारसं घेतलं नाही. शाळेतली मुलं 'बाई' म्हणतात, म्हणून तुम्हीही मला बाईच म्हणू लागलात. पहिल्यांदा आईंनी तुम्हाला दटावलं. "काळ्या, बायकूला बाई म्हनतो व्हय?" तुम्ही म्हणालात, परीक्षा घेती, मग बाईच. आई तुम्हाला काळ्या म्हणायच्या आणि तुम्हाला ते आवडायचं. तुमचा रंगच तसा होता, शेतात कधीही न राबता रापलेल्या माणसाचा. मला त्याचं नवल वाटायचं. याचे भाऊ द्राक्षबागेत मरमर मरतात आणि हा सावलीत बसून गाड्या विकतो, असं मी मनात म्हणत असे. तुम्हाला मातीचा कंटाळा आहे, अशी माझी समजूत होती.

संध्याकाळी ओट्यावर मी वह्या तपासायची आणि तुम्ही दिवसभराच्या गाड्या सांगायचात. मला त्यातलं काही कळत नव्हतं. एकीची किंमत राहते आणि दुसरीची का उतरते, हे मात्र मला कळून घ्यायचं होतं. का, ते तुम्हाला बोलले नाही. तुम्ही मन लावून सांगायचात. एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या घ्या. एक बँकेतल्या साहेबाची, रविवारी ओझरला गणपतीला जाऊन आलेली. दुसरी नारायणगाव-जुन्नर वडापला चाललेली, माणशी भाडं घेऊन, फुटबोर्डावरसुद्धा माणसं उभी करून. दोन वर्षांत वडापच्या गाडीचा क्लच जातो, सीटच्या स्प्रिंगा जातात, दाराच्या कड्या परक्या हातांनी ओढून ढिल्या होतात. किलोमीटरचा काटा दोन्हीत सारखा दिसला तरी बघणाऱ्याला बसल्या बसल्या कळतं. किती हात फिरली, हाही प्रश्न असतो. आणि इंजिन एकदा उघडलं असलं की ते कितीही छान बसवलेलं असो, गिऱ्हाईकाच्या मनात पाल चुकचुकतेच.

पिंपळवंडीच्या त्या शेतकऱ्याची गोष्ट तर तुम्ही आई असेपर्यंत दर पाहुण्याला सांगितलीत. त्याने कोरी गाडी घेतली, आणि ऐन तोडणीच्या दिवसांत पिकअप मिळेना म्हणून मागचं सीट काढून तिच्यात टोमॅटोचे क्रेट भरले. मग ती सवयच लागली. पिकलेल्या टोमॅटोचं पाणी चटईखाली झिरपलं, पत्रा आतून गंजला, आणि वर्षाभरात काचा वर केल्या की गाडीला आंबूस वास यायला लागला. तो विकायला आला तेव्हा त्याने ती फिनेलने धुऊन आणली होती. तुम्ही दार उघडून नाक आत घातलंत आणि विचारलंत, "राव, गाडी विकायची का सार?" तो चिडला. म्हणाला, "गाडी माझी, माल माझा. भाडं दुसऱ्याच्या बोडक्यावर कशाला घालू?" तुम्ही त्याला बसवून चहा पाजलात आणि खाली वाकून चटई उचलून दाखवलीत. बोट लावल्यावर पत्र्याचा पापुद्रा निघाला. आमच्या भागातलीच चूक ही, तुम्ही म्हणायचात. पुण्याच्या माणसाला असली गाडी दाखवली तर तो म्हणेल, ही समुद्रात पडली होती का?

मला हसू यायचं. पण माझं लक्ष वेगळ्याच गाडीकडे असायचं. तुम्ही सांगितलं होतं की सगळ्यात झपाट्याने किंमत उतरते ती काहीही न बिघडलेल्या गाडीची. बनवणारी कंपनी इथला कारखाना बंद करते, आणि काल जिला चार माणसं विचारत होती तिच्याकडे आज कुणी बघत नाही.

"पण गाडीने काय केलं?" मी विचारलं.

"गाडीनं काय बी न्हाई केलं, बाई. पन घेनारा इचार करतो, उद्या काच फुटली तर आनू कुठनं? त्यो गाडी बघतच न्हाई. त्यो उद्याचा दिवस बघतो."

"मग ही किंमत गाडीची नाही. भीतीची आहे."

"भीतीचीच हाये. माझा धंदाच भीतीचा. मी फकस्त खोड सांगून ती जरा कमी करतो."

मी ते मान्य करत नव्हते. गाडीत काही बदललेलं नसताना तिचं मोल कसं बदलतं, हा अन्याय आहे, असं म्हणत राहायची. तुम्ही कंटाळून म्हणायचात, "वह्या तपासा, बाई. ह्याचं उत्तर माझ्याकडं बी न्हाई." आपलं हे भांडण कधी मिटलं नाही. मी का भांडत होते ते सांगायला हवं होतं. जुन्नरचे ते गेले त्या महिन्यात माझ्यात काहीच बदललं नव्हतं. अक्षर तेच होतं, आवाज तोच, पाठ असलेल्या कविता त्याच. तरी एका आठवड्यात लोकांच्या बघण्यात मी उतरले होते. तुम्ही उतरलेल्या गाड्यांविषयी इतक्या मायेने बोलायचात की हे सगळं ओठांवर यायचं, आणि मग तो मंचरचा शब्द आडवा यायचा. मी लाल पेन उचलायची.

एका शनिवारी, शाळा अर्धी असायची म्हणून, मी डबा घेऊन शेडवर आले. आळेफाट्याचा एक एजंट टायरवर बसला होता. त्याने मला पाहिलं नव्हतं. तो तुम्हाला म्हणाला, "भाऊ, धंदा बी सेकंड हँडचा, आन घरी बी सेकंड हँडच आनली व्हय?" बाकीचे दोघं-तिघं हसले. मी एका जीपच्या आडच थांबले. तुम्ही गाडीचा दिवा पुसत होतात. मान वर न करता म्हणालात, "आनली न्हाई, ती आली. तिचं मला म्हाईत व्हतं, माझं तिला म्हाईत व्हतं. तुझ्या घरी जाऊन इचार, तुझं काय काय म्हाईत हाये." आता सगळे त्याला हसले. मला त्यातलं पहिलं तेवढं ऐकू आलं, 'तिचं मला माहीत होतं'. दुसरं मी सोडून दिलं. बोलण्याच्या ओघात जोडलं असेल, असं वाटलं. तुमचं मला काय माहीत असायचं होतं?

मग ही गाडी आली. शेडमध्ये तेव्हा तीन-चार गाड्या होत्या. यातली घरी कुठली ठेवायची ते तुम्ही सांगा, असं तुम्ही मला म्हणालात आणि एकेकीची खोड सांगितलीत. हिच्यापाशी आल्यावर म्हणालात, हिच्यात काही दोष नाही, कंपनी तेवढी बंद पडली आहे. पडायची तेवढी किंमत पडून गेली, आता आणखी पडणार नाही. आमसुली रंगाची होती. मी हीच म्हणाले. तुम्ही का म्हणून विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर कदाचित त्या दिवशीच सगळं बोलणं झालं असतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आपण तिच्यातून डिंभ्याला निघालो. मंचरला दादाकडे चहा घेतला. घोडेगाव मागे पडलं, डाव्या हाताला भाताची खाचरं लागली. तुम्ही काच खाली केलीत. मग समोर रस्त्याकडे बघतच म्हणालात, "खोड म्हाईत असून तुमी घेतलं, बाई. असं मानूस लई थोडं असतं."

मला वाटलं गाडीविषयी बोलताय. म्हणून मी खरं तेच सांगितलं. "मला रंग आवडला."

तुम्ही गाडी कडेला घेतलीत.  मग बाजूच्या आरशात बघून म्हणालात, "ह्यो रंग?" आणि हसायला लागलात. स्टिअरिंगवर डोकं टेकून हसलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला कळेना की आमसुली रंगात एवढं हसण्यासारखं काय आहे. मी आरशात बघितलं तर मला गाडीची कड दिसत होती. त्या दिवशी धरणाच्या भिंतीशी तुम्ही मला कणीस भाजून आणून दिलंत आणि परतताना घरापर्यंत काहीतरी गुणगुणत होतात. तुम्हाला इतकं खुशीत मी क्वचितच पाहिलं. कशाने, ते विचारायचं राहून गेलं.

मग तुम्हाला दम लागायला लागला. शाळेच्या स्नेहसंमेलनाला जिना चढताना तुम्ही मध्येच थांबलात, आणि मी तुम्हाला पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, काळजाच्या झडपेचं दुखणं आहे, जुनं आहे. मला जुनं म्हणजे वर्ष-दोन वर्षांचं वाटलं. ते ऑपरेशन म्हणत होते. तुम्ही मला घेऊन बाहेर आलात आणि म्हणालात की इंजिन उघडलेल्या गाडीची किंमत काय राहते ते तुम्हाला ठाऊक आहे. मी दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहून रडले. तुम्ही माझ्याकडे जरा नवलाने बघत होतात, आठवतं का? जसं काही हे मला नवीन नसायला हवं होतं. ऑपरेशनवरून आपण हिवाळाभर भांडलो. उन्हाळ्यात करू म्हणालात. उन्हाळा लागायच्या आत, एका दुपारी, शेडमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही गेलात. माझा सातवीवर तास चालू होता. शिपाई वर्गाच्या दारात आला आणि काही न बोलता उभा राहिला.

आता परवाचं सांगते.

दादाने चहा घेतला, उठून गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, गिऱ्हाईक आलं की कंपनीचं आधीच सांगून टाकू. "भाऊंचा नियमच व्हता, खोड आधी सांगायची." तो गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी मात्र पाळला न्हाई, शालन."

कधी, म्हणून मी विचारलं.

त्या दिवशी मंचरला, आवाज खाली आला होता तेव्हा, तुम्ही त्याला तुमचंच सांगत होतात. लहानपणी ताप येऊन सांधे धरले होते, त्यात काळजाची झडप अधू झाली. जड काम करायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून वाटणीची जमीन भावांच्या हाती देऊन तुम्ही गाड्यांच्या धंद्यात आलात. आता काही त्रास नाही, पुढे कधी उलटेल सांगता येत नाही. हे तुम्ही दादाला सांगितलंत, आणि म्हणालात की तुमच्या बहिणीला हे कळल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही. तिने एकदा सोसलं आहे. माझी खोड तिला आधी सांगा.

दादाने मला सांगितलं नाही. दोन दिवसांनी तो पिंपळवंडीला आला आणि तुम्हाला म्हणाला, तिला सगळं सांगितलं, तिची हरकत नाही.

"चांगलं मानूस हातचं जाईल, असं वाटलं गं," दादा म्हणाला. मग त्याने मला विचारलं, "सांगितलं असतं, तर तू व्हय म्हनली असतीस का?"

मी कप उचलून आत नेले. तो संध्याकाळच्या एस.टी.ने गेला.

परवापासून मी एकच काम करते आहे. आपली सगळी वर्षं पुन्हा काढून त्यांत ते दोन शब्द घालून बघते. माझी. तिला. सगळी वाक्यं बदलतात. शेडमधलं तुमचं उत्तर बदलतं. तुम्ही शेतात का उतरत नव्हतात ते कळतं. पुण्याच्या फाटकाशी तुम्ही नवल का करत होतात तेही कळतं. आणि घोडेगावच्या पुढे, गाडी कडेला घेऊन, तुम्ही आरशात काय बघत होतात, ते कळलं तेव्हा मी भाजी निवडत होते, आणि एकटीच मोठ्याने हसले. तुम्ही म्हणत होतात की अधू काळजाचा माणूस मी माहीत असून पत्करला. आणि मी आईंच्या काळ्याला म्हणाले होते, रंग आवडला. एवढ्या वर्षांनी हसले आणि हसून झाल्यावर सांगायला वळले. ओटा रिकामा होता.

ज्या शब्दाने मी मनात अढी धरली होती तो तुम्ही स्वतःसाठी वापरला होता. तुमच्या लेखी मी कधीच खोडीची नव्हते. हे कळून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, थोडा वेळ. मग दादाचा प्रश्न पुढे येऊन बसला.

त्याचं उत्तर मला ठाऊक आहे. मी नाही म्हणाले असते. दादाचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाले असते. एकाला मी उशाशी बसून जाताना पाहिलं होतं. दुसऱ्याच्या काळजाची धास्ती घेऊन मी कुठल्याही घरात गेले नसते. मीही गाडी बघितली नसती, उद्याचा दिवस बघितला असता. तुम्ही आईंना घेऊन पिंपळवंडीला परत गेला असतात आणि मी वर्षभरात तुमचं नाव विसरले असते. हे तुम्हाला लिहिताना हात थांबतो. पण तुमच्याशी हेच बोलायला हवं. तुम्ही आयुष्यभर ज्या गोष्टीचा आनंद मानलात, की ही सगळं माहीत असून आली, ती घडलीच नव्हती. मी काहीच माहीत नसताना आले होते. तुम्ही मला जे दिलंत ते एका दुसऱ्याच, माझ्याहून धीट बाईला देत होतात, आणि घेत मी होते. दादावर रागवावं तर तुम्ही आयुष्यातून वजा होता. त्याचे उपकार मानावेत तर तुम्हाला फसवल्याचे मानावे लागतात. दोन्ही करून बघितलं. दोन्ही नीट जमत नाही.

आज मला सगळं माहीत आहे. तुमचं दुखणं माहीत आहे, आणि ते कुठवर नेतं तेही. शिपाई दारात काही न बोलता कसा उभा राहतो ते माहीत आहे. संध्याकाळी एका माणसाचा स्वयंपाक किती लवकर उरकतो, आणि त्यानंतर झोपेपर्यंत किती वेळ उरतो, तेही आता माहीत झालं. यातलं काहीही कमी न करता, सगळंच्या सगळं आधी सांगून, कुणी मला आज तुमच्याविषयी विचारलं, तर काय म्हणेन ते दादाला सांगण्यात अर्थ नाही. ते तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि तुम्ही ते ऐकल्याच्या समजुतीत गेलात.

तरी सांगते. हो.